संगणकावर मिक्सिंग करण्यासाठी कंट्रोल सरफेस कसा निवडावा?

प्रश्न : घरच्या स्टुडिओत संगणकावर मिक्सिंग करतो. एका गाण्यात साधारण ३० ते ४० ट्रॅक असतात. माउसने फेडर (लेव्हलचा सरकता खटका) ओढत व्होकलचं ऑटोमेशन (लेव्हलचे बदल सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवणं) करणं जिकिरीचं होतं. आठ मोटर फेडरचा कंट्रोल सरफेस (सॉफ्टवेअरमधला मिक्सर हाताने चालवायचं यंत्र) घ्यावा, एका फेडरचा पुरेल, की साधा मिडी (संगीत उपकरणांची आकड्यांची भाषा) कंट्रोलरही चालेल? घेण्याआधी काय तपासावं?

उत्तर : फेडर किती हवेत हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरता आणि ते सरफेसशी कोणत्या भाषेत बोलतं? दुसरा, फेडरला मोटर आहे का, म्हणजे तो सॉफ्टवेअरबरोबर आपोआप हलतो का, आणि त्याला बोटाचा स्पर्श कळतो का? या दोन्हींची उत्तरं मनासारखी आली की मगच संख्या, आकार, डिस्प्ले वगैरे बघायचं. बहुतेक जण उलट क्रमाने जातात. आधी फेडर मोजून यंत्र घेतात आणि मग कळतं की आपल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची अर्धी बटणं मुकी आहेत.

एक गैरसमज आधी दूर करतो. कंट्रोल सरफेसमधून आवाज जात नाही. काही मॉडेलमध्ये ऑडिओ इंटरफेस आतच बसवलेला असतो, ती गोष्ट वेगळी. पण फेडर सरकवल्यावर जातो तो फक्त आकडा, आवाजाचं गणित संगणकातच होतं. त्यामुळे महागड्या सरफेसने मिक्सचा 'टोन' बदलत नाही. बदलते ती तुमच्या हाताची चाल, आणि व्होकल राइड करताना, म्हणजे गाणं चालू असताना हाताने लेव्हल वर-खाली करताना, तीच महत्त्वाची असते.

भाषा : एमसीयू, एचयूआय, यूकॉन आणि खास जोडणी

सर्वांत जास्त चालणारी भाषा म्हणजे मॅकी कंट्रोल, म्हणजेच एमसीयू. लॉजिक, क्यूबेस, स्टुडिओ वन, एबलटन लाइव्ह, रीपर, आर्डर या सगळ्यांना ती येते. ही भाषा मिडीचेच संदेश वेगळ्या अर्थाने वापरते. आठ फेडर आणि मास्टर हे मिडी चॅनल १ ते ९ वर पिच बेंड (मुळात सूर सरकवायचा संदेश) म्हणून जातात, बटणं नोट म्हणून जातात, गोल फिरणारे एन्कोडर 'इतकं उजवीकडे, इतकं डावीकडे' असं सापेक्ष मूल्य पाठवतात. फेडरला बोट लागलं आणि सुटलं हेसुद्धा वेगळ्या नोटने कळवलं जातं. हे तपशील लक्षात ठेवा, पुढे बिघाड शोधताना लागतील.

प्रो टूल्सचं मात्र वेगळं आहे. त्याला एमसीयू येत नाही. तिथे एचयूआय किंवा यूकॉन हेच दोन रस्ते. एचयूआय जुनी भाषा आहे. एका वेळी आठ चॅनलचा एक संच, असे जास्तीत जास्त चार संच, म्हणजे ३२ फेडर. चॅनलच्या नावाला फक्त चार अक्षरं मिळतात आणि फेडरची सूक्ष्मताही एमसीयूपेक्षा कमी. तरी लेव्हल, पॅन, म्यूट, सोलो आणि ऑटोमेशन एवढ्यासाठी ती आजही व्यवस्थित चालते. यूकॉन ही मुळात यूफोनिक्सची. २०१० मध्ये ती कंपनी अ‍ॅव्हिडने घेतली. ती नेटवर्कच्या वायरवरून चालते, नावं पूर्ण दाखवते, सॉफ्टवेअरमधल्या बऱ्याच आज्ञा बटणांवर आणता येतात. प्रो टूल्सशिवाय लॉजिक, क्यूबेस आणि न्यूएन्डोलाही ती कळते. रोजचं काम प्रो टूल्समध्येच असेल तर अ‍ॅव्हिड एस१ सारखं यूकॉनवालं यंत्र आधी बघा. प्रो टूल्स अधूनमधूनच लागत असेल तर एमसीयू आणि एचयूआय दोन्ही बोलणारं यंत्र पुरेल.

चौथा प्रकार एका विशिष्ट सॉफ्टवेअरसाठी खास बनवलेल्या जोडणीचा. प्रीसोनस फेडरपोर्ट ८ आणि १६ हे स्टुडिओ वनबरोबर त्यांच्या खास मोडमध्ये जेवढं करतात तेवढं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एमसीयू मोडमध्ये करत नाहीत. एसएसएल यूएफ८ स्वतःच्या साथीदार सॉफ्टवेअरमधून चालतो आणि एका वेळी तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर त्याच्या तीन लेयरवर ठेवता येतात. सॉफ्टट्यूब कन्सोल १ चं कुटुंब त्यांच्याच चॅनल स्ट्रिपभोवती (एका ट्रॅकचे ईक्यू, कम्प्रेसर वगैरे एकत्र) उभं आहे. या सगळ्यांत एक धोका सारखाच. साथीदार सॉफ्टवेअर अपडेट होणं थांबलं की यंत्राची निम्मी किंमत गेली. साध्या एमसीयूला ड्रायव्हरही लागत नाही. यूएसबीवर ते मिडी उपकरण म्हणूनच ओळखलं जातं. म्हणून दहा वर्षं वापरायचं यंत्र घेताना, खास मोडबरोबर एमसीयू मोडही आहे ना, हे बघूनच पुढे जावं.

रीपरवाल्यांनी एक ध्यानात घ्यावं. रीपरमधला मूळचा एमसीयू आधार कामचलाऊ आहे. फेडर, पॅन, म्यूट, सोलो, ट्रान्सपोर्ट (प्ले, स्टॉप, रेकॉर्ड) चालतात, पण सेंड (ट्रॅकचा आवाज रिव्हर्बसारख्या इफेक्टकडे नेणारी वाट) आणि प्लगइनवर नीट ताबा हवा असेल तर सीएसआय किंवा ड्रिव्हनबायमॉस ही मोफत एक्स्टेन्शन टाकावी लागतात. मांडणी आपल्याला हवी तशी बदलता येते, पण त्यासाठी एक-दोन संध्याकाळी बसावं लागतं. ज्यांना हे आवडतं त्यांना रीपरइतका मोकळेपणा दुसरीकडे मिळत नाही.

मोटर आणि स्पर्श

प्रश्नातला 'साधा मिडी कंट्रोलर चालेल का' हा भाग इथे येतो. मिक्सिंगच्या ऑटोमेशनसाठी नाही चालणार. कारण सांगतो.

मोटर नसलेला फेडर जिथे ठेवला तिथेच राहतो. तुम्ही बँक (फेडरवर आलेला आठ ट्रॅकचा संच) बदलून ट्रॅक ९ ते १६ वर गेलात, की पडद्यावरचे फेडर एका जागी आणि हाताखालचे दुसऱ्या जागी. आता हात लावला की लेव्हल एकदम उडी मारते. ही उडी टाळायला सॉफ्टवेअरमध्ये 'पिकअप' नावाची सोय असते : हाताखालचा फेडर पडद्यावरच्या मूल्याला ओलांडेपर्यंत काहीच होत नाही, ओलांडला की पकड येते. एबलटन लाइव्हमध्ये पिकअपबरोबर व्हॅल्यू स्केलिंगही आहे, त्यात दोन्ही फेडर हळूहळू एकमेकांजवळ येतात. लेव्हल एकदा लावून ठेवायची असेल तर हे सुसह्य आहे. पण व्होकलच्या दुसऱ्या कडव्यातली एकच ओळ दीड डेसिबलने उचलायची असेल, तेव्हा आधी पकड शोधत बसण्यात ओळ निघून जाते.

त्याहून मोठी अडचण स्पर्शाची आहे. 'टच' ऑटोमेशनचा अर्थ असा की बोट फेडरवर आहे तोवर लिहायचं, बोट उचललं की आधीच्या मूल्यावर परत जायचं. त्यासाठी फेडरच्या टोपीला कपॅसिटिव्ह संवेदन लागतं. ते नसेल तर सॉफ्टवेअर 'फेडर हलतोय म्हणजे हात आहे' असा अंदाज बांधतं. मग तुम्ही फेडर वर नेऊन दोन सेकंद तिथेच धरून ठेवलात, की सॉफ्टवेअरला वाटतं हात निघाला, आणि लेव्हल खाली पडते. म्हणजे राइडमध्ये सर्वांत जास्त लागणारी हालचाल, वर नेऊन धरणं, तीच जमत नाही. 'लॅच' मोडमध्ये हे होत नाही, पण तिथे शेवटचं मूल्य प्लेबॅक थांबेपर्यंत लिहिलं जातं आणि पुढचं चांगलं ऑटोमेशन पुसलं जातं.

तिसरी गोष्ट सूक्ष्मतेची. साध्या मिडी कंट्रोलरचा फेडर १२८ पायऱ्यांत बोलतो. एमसीयू फेडर व्यवहारात १०२४ पायऱ्यांत. १०० मिलिमीटरच्या फेडरवर ० ते उणे १० डेसिबल हा भाग २५ मिलिमीटरमध्ये मांडलाय असं धरा. १२८ पायऱ्यांत एक पायरी जवळपास ०.३ डेसिबलची होते, १०२४ मध्ये ०.०४ ची. वरच्या भागात ०.३ डेसिबल फारसा खटकत नाही. पण फेडरच्या तळाकडे २० डेसिबल जेमतेम १० मिलिमीटरमध्ये कोंबलेले असतात. तिथे १२८ वाल्याची एक पायरी दीड डेसिबलच्या पुढे जाते. गाण्याचा शेवटचा फेड आउट हाताने केला की या पायऱ्या ऐकू येतात, विशेषतः लांब रिव्हर्ब किंवा पॅडवर. सॉफ्टवेअर थोडं गुळगुळीत करून घेतं, पण लिहिलेल्या ऑटोमेशनची रेषा बघा, जिना दिसतो.

साधा कंट्रोलर टाकाऊ आहे असं मात्र नाही. वाद्यवृंदाच्या सॅम्पल लायब्ररीत मॉड्युलेशन आणि एक्स्प्रेशन, म्हणजे मिडीचे कंट्रोल संदेश सीसी १ आणि सीसी ११, हाताने वाजवायला कॉर्ग नॅनोकंट्रोल २ सारखं यंत्र उत्तम. तिथे समोरचं मूल्यच १२८ पायऱ्यांचं असतं. उलट मोटरवाला सरफेस एमसीयू मोडमध्ये हे काम करू शकत नाही, कारण त्याचा फेडर सीसी पाठवतच नाही, पिच बेंड पाठवतो. दोन्ही कामं असतील तर एकाच यंत्रावर मोड बदलत बसण्यापेक्षा शेजारी छोटा कंट्रोलर ठेवणं सोयीचं.

एक फेडर की आठ?

३० ते ४० ट्रॅकचं गाणं आणि मुख्य तक्रार व्होकल ऑटोमेशनची, असं असेल तर एका मोटर फेडरचं यंत्र (प्रीसोनस फेडरपोर्ट, बेरिंजर एक्स-टच वन या जातीचं) गंभीरपणे विचारात घ्या. पडद्यावर जो ट्रॅक निवडाल तो फेडरवर येतो. बँक बदलणं नाही, आपण कुठल्या आठात आहोत हे आठवणं नाही. डावा हात फेडरवर, उजवा माउसवर. कीबोर्डच्या बाजूला मावतं, ऐकण्याची जागा हलत नाही. एका वेळी एकच ट्रॅक राइड करणाऱ्याला आठ फेडरने वेग वाढत नाही.

आठ फेडर कधी हवेत? दोन गोष्टी एकमेकांविरुद्ध तोलायच्या असतील तेव्हा. व्होकल आणि त्याचा डिले, मुख्य आवाज आणि कोरस, तबला आणि डग्गा वेगळे माइक केलेले असतील तर ते दोन. एक बोट वर, दुसरं खाली, कान मधल्या तोलावर. हे माउसने जमतच नाही आणि एका फेडरनेही नाही. पहिलं रफ बॅलन्स बसवतानाही आठ फेडर हाताखाली असले की पाच-सात मिनिटांत गाणं उभं राहतं, कारण तुम्ही आकड्यांकडे बघत नाही.

पण ४० ट्रॅक आणि आठ फेडर म्हणजे पाच बँक. यावर उपाय यंत्रात नाही, सेशनच्या मांडणीत आहे. ट्रॅक गटांत बसमध्ये (अनेक ट्रॅकचा आवाज एकत्र येणारं चॅनल) पाठवा आणि त्या बस किंवा व्हीसीए (अनेक ट्रॅकची लेव्हल एकदम हलवणारा फेडर) सलग आठ चॅनलवर ठेवा : ताल, बास, तंतुवाद्यं, कीबोर्ड, कोरस, मुख्य आवाज, इफेक्ट्स, आणि एक मोकळा. मिक्सचा बराचसा वेळ या आठांतच जातो. आतल्या ट्रॅकला हात लावायचा तेव्हाच बँक बदलायची. सरफेसवर 'फक्त बस दाखव', 'फक्त व्हीसीए दाखव' अशी गाळणी बटणं असतील तर ती आठ जास्तीच्या फेडरपेक्षा मोलाची. क्यूबेससारख्या सॉफ्टवेअरमध्ये मिक्सरमधले ट्रॅक लपवले की सरफेसवरूनही ते जातात, म्हणजे तिथे गाळणी सॉफ्टवेअरकडूनच मिळते. १६ फेडर घ्यायची वेळ क्वचित येते. चित्रपटाचा किंवा मालिकेचा साउंड, जिथे संवाद, इफेक्ट्स, संगीत हे सगळं चालू दृश्यावर एकदम राइड करायचं असतं, तिथे.

फेडरची लांबीही बघा. १०० मिलिमीटरवर बोटाच्या बारीक हालचालीला जागा मिळते. ६० मिलिमीटरवर तेवढीच हालचाल दीडपटीहून जास्त डेसिबल बदलते. आठ छोट्यांपेक्षा एक लांब बरा, हे माझं ठाम मत.

'फ्लिप' नावाचं बटण आहे का ते पाहा. ते दाबलं की एन्कोडरवरचं मूल्य फेडरवर येतं. मुख्य आवाजाचा रिव्हर्ब सेंड फ्लिप करून फेडरने राइड करायला मिळणं ही मोठी सोय आहे. ओळीच्या शेवटच्या शब्दावर सेंड उचलायचा आणि पुढच्या श्वासाआधी खाली आणायचा, हे एन्कोडर फिरवून सफाईने होत नाही.

प्लगइन चालवण्याबद्दल फार आशा ठेवू नका. एमसीयूमध्ये प्लगइनचे पॅरामीटर आठ-आठच्या पानांत येतात, आणि क्रम प्लगइन बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. सात बँडच्या ईक्यूमध्ये फ्रीक्वेन्सी एका पानावर आणि त्याच बँडचा गेन दुसऱ्या पानावर असं सर्रास होतं. डिस्प्लेवर नावाला सहा-सात अक्षरं. इथे माउसच जलद आहे. ईक्यू-कम्प्रेसर हातानेच करायची हौस असेल तर ठरलेल्या जागी ठरलेला नॉब देणारं वेगळं यंत्र घ्यावं, आठ एन्कोडरवर ती भागत नाही.

डिस्प्ले मात्र हवाच. प्रत्येक फेडरवर नाव दिसत नसेल तर (बेरिंजर एक्स-टच कॉम्पॅक्टवर दिसत नाही) बँक बदलल्यावर दरवेळी पडद्याकडे बघावं लागतं आणि फेडरांचा फायदा जातो. नावं सहा-सात अक्षरांतच कापली जातात, म्हणून ट्रॅकच्या नावात फरक दाखवणारा भाग आधी लिहा. 'गिटार डावी' आणि 'गिटार उजवी' दोन्ही कापल्यावर सारखीच दिसतात. शिवाय एमसीयूचा मजकूर ७ बिटांचा असल्यामुळे त्यात फक्त साधी रोमन अक्षरं मावतात. देवनागरीत दिलेली ट्रॅकची नावं सरफेसवर वाचता येत नाहीत.

जोडणी : इथेच निम्मे घोळ होतात

आधी यंत्राचा मोड ठरवा. बऱ्याच यंत्रांत ठरावीक बटण, बहुधा पहिल्या चॅनलचं सिलेक्ट, दाबून धरून पॉवर लावला की मोड निवडायचं पान उघडतं. मोड बदलल्यावर यंत्र आणि सॉफ्टवेअर दोन्ही बंद करून पुन्हा चालू करा, आणि यंत्र आधी.

मग सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल सरफेस म्हणून जोडा आणि इनपुट, आउटपुट दोन्ही पोर्ट निवडा. 'फेडर हाताने हलवला तर पडद्यावर हलतो, पण पडद्यावर हलवला तर मोटर हलत नाही' ही तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा आउटपुट पोर्ट रिकामा असतो. उरलेल्या वेळी पॉवर अ‍ॅडॉप्टर लावलेला नसतो. यूएसबी २.० च्या पोर्टवरून ५०० मिलिअँपिअर मिळतात, त्यात दिवे आणि डिस्प्ले चालतात. आठ मोटर एकदम पळवायला ते पुरत नाहीत.

पुढची पायरी बहुतेक जण विसरतात. सरफेसचा पोर्ट ट्रॅकच्या मिडी इनपुटमधून काढून टाका. फेडर पिच बेंड पाठवतो हे वर सांगितलं. इन्स्ट्रुमेंट ट्रॅकचं इनपुट 'सर्व मिडी' असेल आणि तो रेकॉर्डला लावलेला असेल, तर फेडर हलवला की सिंथचा सूर सरकतो, बटण दाबलं की भलतीच नोट वाजते, आणि ते सगळं क्लिपमध्ये रेकॉर्डही होतं. क्यूबेसमध्ये मिडी पोर्ट सेटअपमध्ये त्या पोर्टपुढची 'ऑल मिडी इनपुट्स' ची खूण काढायची. लाइव्हमध्ये त्या पोर्टचा 'ट्रॅक' बंद ठेवायचा. रीपरमध्ये तो पोर्ट मिडी इनपुट म्हणून चालूच करायचा नाही, सरफेसच्या यादीत मात्र निवडायचा.

प्रो टूल्समध्ये सेटअप, पेरिफेरल्स, मिडी कंट्रोलर्स या पानावर प्रकार एचयूआय, येणारा आणि जाणारा पोर्ट, चॅनल ८. इथे उलटी गंमत आहे : मिडी इनपुट डिव्हाइसेसच्या यादीत तो पोर्ट चालू असावा लागतो, नाहीतर निवडता येऊनही यंत्र गप्प राहतं. एचयूआयमध्ये सॉफ्टवेअर सतत 'आहेस का?' असा संदेश पाठवतं आणि यंत्राने उत्तर द्यायचं असतं. उत्तर चुकलं की यंत्र ऑफलाइन. यूएसबी हब, झोपी जाणारा लॅपटॉप, सैल केबल ही त्याची नेहमीची कारणं. सरफेस थेट संगणकाच्या पोर्टला जोडा, आणि यूएसबीची वीज वाचवण्याची सेटिंग बंद करा.

एक्स्टेंडर (जास्तीच्या फेडरचं जोडयंत्र) लावून १६ फेडर करायचे असतील तर प्रत्येक यंत्राचा पोर्ट वेगळा असतो आणि क्रम महत्त्वाचा. लॉजिकच्या कंट्रोल सरफेस सेटअपमध्ये यंत्रांची चित्रं डावीकडून उजवीकडे एकाच ओळीत ठेवली तर ती एक संच म्हणून वागतात. एक वर, एक खाली ठेवलं तर दोन्ही यंत्रं तेच आठ ट्रॅक दाखवतात. रीपरमध्ये एक्स्टेंडरच्या ओळीत सरफेस ऑफसेट ८ द्यावा लागतो. लाइव्हमध्ये एक्स्टेंडरसाठी वेगळी नोंद आहे.

विंडोजवर पूर्वापार एक मिडी पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला उघडता येत आला आहे. फर्मवेअर अपडेट करणारं सॉफ्टवेअर मागे उघडं राहिलं तर मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला पोर्ट मिळत नाही. आधी ते बंद करा.

पाच पिनांच्या जुन्या मिडी केबलने सरफेस जोडू नका. तिचा वेग ३१,२५० बिट प्रति सेकंद, म्हणजे फेडरच्या एका संदेशाला जवळपास १ मिलिसेकंद. आठ फेडर, मीटर आणि डिस्प्लेचा मजकूर एकदम धावायला लागले की मोटर अडखळत चालतात.

आणि हात हलल्यानंतर आवाज उशिरा बदलतोय असं वाटलं तर सरफेसला दोष देण्याआधी बफर (वाजवण्याआधी संगणक धरून ठेवतो तो आवाजाचा साठा) बघा. ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, शिवाय मास्टरवर लिनिअर फेज ईक्यू आणि लुकअहेड लिमिटर असेल तर त्यांचा उशीर वेगळा. राइड लिहिताना बफर कमी करा, मास्टरवरचे जड प्लगइन तात्पुरते बंद ठेवा.

परत करायची मुदत संपण्याआधी

एका ट्रॅकवर १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह लावा, फेडर तळापासून वरपर्यंत हळू न्या आणि ऐका. लेव्हल सलग चढली पाहिजे. मध्येच खाच, उडी किंवा खरखर असेल तर फेडरचा पट्टा खराब आहे. मग फेडर सोडून द्या आणि पडद्यावरचा आकडा बघा. हात नसताना तो दोन मूल्यांत लुकलुकत असेल तर टच मोडमध्ये ऑटोमेशनचे अनावश्यक बिंदू पडत राहतील. सगळे ट्रॅक ० डेसिबलवर आणा; आठही टोप्या एका रेषेत येतात का? एखादी मिलिमीटरभर सरकलेली असेल तर कॅलिब्रेशनने सुधारते, प्रत्येक वेळी वेगळीकडे थांबत असेल तर मोटर किंवा पट्टा गेला.

नंतर स्पर्श तपासा. ऑटोमेशन चालू असताना हलणाऱ्या फेडरवर बोट ठेवा. मोटरने लगेच हार मानली पाहिजे. बोटाशी झटापट होत असेल, थरथर जाणवत असेल, तर स्पर्श कळत नाहीये. कोरडं बोट, नखाने धरलेली टोपी, किंवा यंत्राला जमिनीचा संदर्भ नसणं ही त्याची कारणं. शेवटचं जास्त आढळतं : दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर आणि बॅटरीवर चालणारा लॅपटॉप, म्हणजे अर्थिंग कुठेच नाही. लॅपटॉपला तीन पिनांचा चार्जर लावून किंवा अर्थिंग असलेलं ऑडिओ इंटरफेस यूएसबीने जोडून पुन्हा बघा. बरेचदा तेवढ्याने जमतं. उलट दोषही असतो, हात नसताना 'बोट आहे' असं दाखवणारा फेडर. तो जास्त घातक, कारण टच मोडमध्ये तो गुपचूप जुनं ऑटोमेशन पुसत जातो.

बँक पुढे-मागे करत मोटरांचा वेग आणि आवाज ऐका. गायक त्याच खोलीत माइकसमोर असेल तर मोटरांचा खडखडाट टेकमध्ये येतो. मोटर बंद करायची सोय आहे का, हे अशा खोलीसाठी आधी बघायला हवं.

वापरलेलं यंत्र घेत असाल तर या सगळ्या चाचण्या समोर बसून करा आणि जोडणी कशी आहे ते विचारा. फायरवायरवर चालणारी किंवा स्वतःचा ड्रायव्हर लागणारी जुनी यंत्रं दिसायला दणकट असतात, पण ड्रायव्हर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नसेल तर उपयोग शून्य. फक्त यूएसबी मिडीवर चालणारं जुनं एमसीयू यंत्र मात्र बेधडक घ्यावं. एखादा फेडर गेलाच तर मोटरचा सुटा फेडर बदलता येतो, फक्त सोल्डर काढायला संयम लागतो. खरखर करणाऱ्या फेडरमध्ये तेलकट कॉन्टॅक्ट क्लीनर फवारू नका. तो वंगण धुऊन नेतो आणि चिकट थर मागे ठेवतो, मग मोटर जड पडते. आधी धूळ हवेच्या झोताने काढा. वापरात नसताना वर कापड टाका, फेडरच्या खाचेत जाणारी धूळ हेच या यंत्रांचं मुख्य दुखणं आहे.

जागेचं मोजमाप घेऊन ठेवा. आठ फेडरचा सरफेस कीबोर्डच्या जागी आला की कीबोर्ड मागे जातो आणि तुम्ही पुढे वाकता, म्हणजे स्पीकरच्या त्रिकोणातून बाहेर. टोपीची उंची कोपराच्या पातळीला, पुढे मनगट टेकायला वीतभर मोकळी जागा, आणि यंत्राचा उभा मागचा भाग ट्वीटरच्या आणि कानाच्या रेषेखाली असावा. हे मावत नसेल तर एका फेडरचं यंत्र घ्या. त्याच पैशात उरलेली रक्कम जाडजूड टेबल बदलण्यात घातली तरी मिक्सला जास्त उपयोग होईल.